मॉर्फिन सुरू झालं, पण पोटाचं औषध कुणी दिलंच नाही

निशिगंध

बाबांना हाडांमध्ये पसरलेला कर्करोग आहे. साध्या गोळ्यांनी दुखणं आवरेना तेव्हा मॉर्फिन सुरू झालं. पहिल्या रात्री ते सलग सहा तास झोपले. कितीतरी आठवड्यांनी घरात कण्हण्याचा आवाज नव्हता. इतकी शांतता होती की श्वास चालू आहे ना हे बघायला मी दोनदा उठले.

घरी सोडताना मळमळीची गोळी दिली होती, झोप जास्त येईल असंही सांगितलं होतं. पोट साफ होण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून बाबा दोन घास खाऊन ताट बाजूला सारायला लागले. आजारामुळे भूक मेली असेल असं मी धरून चालले. सातव्या दिवशी पोट तट्ट फुगलं, थांबलेली मळमळ परत सुरू झाली. संडासात अर्धा अर्धा तास बसायचे. बाहेर आले की "झाली का?" हे विचारायला मी कचरायचे आणि सांगायला ते. नवव्या दिवशी पलंग झाडताना त्यांच्या चष्म्याची डबी खाली पडून उघडली. आत काच पुसायच्या कापडाखाली मॉर्फिनच्या पाच गोळ्या होत्या. माझ्यासमोर तोंडात टाकायचे आणि मी वळले की काढून ठेवायचे. विचारलं तर म्हणाले, "दुखलेलं सोसवतं गं. ते कुंथणं सोसवत नाही."

त्या दिवशी दोनदा एनिमा द्यावा लागला. मी बाहेर उभी होते, आतून त्यांचा आवाज येत होता. तो आवाज मी विसरू शकत नाही.

नंतर कळलं की अशा औषधांनी बद्धकोष्ठ होणं ही जवळजवळ ठरलेली गोष्ट आहे. मग ठरलेलीच असेल तर ती औषध लिहून देतानाच का सांगत नाहीत? ज्यांनी हे औषध घेतलंय किंवा घरच्या कुणाला दिलंय, त्यांनी कृपया लिहा. काय उपयोगी पडलं, काय नाही, डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं. माझ्यासारखं नवव्या दिवशी कुणाला कळू नये.

शुश्रूषा

निशिगंध ताई, वाचून जीव तुटला. मी बरीच वर्षं पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे गंभीर आजारातला त्रास हलका करणाऱ्या सेवेत, नर्स आहे. लपवलेल्या गोळ्या मी खूप पाहिल्यात, रुमालाच्या गाठीत, सोललेल्या फळाच्या सालीत, उशीखाली. जवळजवळ दर वेळी कारण पोटच निघतं. तुमच्या बाबांनी सांगितलं तरी. अनेक जण सांगतही नाहीत आणि आपण समजतो की औषध पुरेसं पडत नाहीये. मग डोस वाढतो आणि पोट आणखी बसतं.

असं होतं का, ते सांगते, कारण ते कळलं की पुढचे उपाय आपोआप समजतात. आपल्या आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचं स्वतःचं एक जाळं असतं. मॉर्फिन मेंदूत आणि मज्जारज्जूत ज्या म्यू ग्राहकांवर (पेशींवरच्या औषध पकडणाऱ्या जागांवर) बसून वेदना दाबतं, तेच ग्राहक या जाळ्यातही भरपूर आहेत. एरवी आतड्यात एक लाट उठते आणि आतला ऐवज पुढे ढकलते. मॉर्फिनखाली ती लाट पुढे सरकत नाही, आतडं जागच्या जागी आवळतं. आतड्यातून पाझरणारा द्रवही कमी होतो. मळ तिथेच पडून राहिला की शरीर त्यातलं पाणी शोषत राहतं आणि त्याचे खडे होतात. त्यात गुदद्वाराचा स्नायू घट्ट आवळलेला आणि "लागली आहे" ही जाणीव बोथट झालेली. म्हणजे चारी बाजूंनी कोंडी.

आणि जी गोष्ट घरच्यांना कुणीतरी पहिल्या दिवशी बसवून सांगायला हवी ती ही. मळमळ आणि गुंगी बहुतेकांची काही दिवसांत उतरते, शरीराला त्यांची सवय होते. आतड्याला ही सवय होत नाही. औषध चालू आहे तोवर हा त्रास चालू राहतो. म्हणून "चार दिवस वाट बघू, आपोआप सुरळीत होईल" हा हिशेब इथे लागू पडत नाही. रेचक पहिल्या गोळीबरोबर सुरू करायचं आणि रोज घ्यायचं, पोट साफ झालं त्या दिवशीही. बंद करायचं कारण सहसा एकच, जुलाब व्हायला लागले तर. तेव्हाही आधी डॉक्टरांना विचारून डोस कमी करायचा.

चांदणवाट

मग इसबगोल घेतलं तर चालेल ना? ते नैसर्गिक आहे आणि सवयही लागत नाही. माझ्या सासूबाईंना गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर दुखण्यासाठी ट्रामाडॉल दिलंय, मी त्यांना रोज रात्री तेच देते आहे. तीन दिवस झाले, पोट उलट जड वाटतंय म्हणतात.

शुश्रूषा

चांदणवाट, ते आज रात्री थांबवा आणि उद्या डॉक्टरांशी बोला. इसबगोल पाणी शोषून फुगतं आणि मळाचा आकार वाढवतं. आकार वाढला की निरोगी आतडं त्याला ढकलतं, तिथे ते छान काम करतं. इथे ढकलणारी लाटच मंदावलेली आहे. वरून मोठा गोळा तयार करून पाठवला आणि पुढे रस्ता हलत नसेल, तर तो अडकतो. पाणी कमी पिणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसात आतडं तुंबण्यापर्यंत वेळ येऊ शकते. कोंड्याच्या गोळ्या, फायबर पावडर यांनाही हेच लागू. जेवणातली नेहमीची फळं-भाज्या खाव्यात, पाणी प्यावं, झेपेल तितकं चालावं. त्याने बरं वाटतं. पण या बद्धकोष्ठावर तेवढं पुरत नाही, आणि पुरलं नाही म्हणून "तू पाणीच पीत नाहीस" असं पेशंटला बोलू नये. त्याची चूक नसते.

पायवाट

ट्रामाडॉलचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी मणक्याच्या दुखण्यासाठी दीड वर्ष ट्रामाडॉल आणि नंतर टॅपेंटाडॉल घेतलं. कर्करोग नाही, मॉर्फिन नाही, त्यामुळे हा सगळा प्रकार आपल्याला लागू आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही. खोकल्याच्या औषधातलं कोडीनसुद्धा याच जातीचं, हे मला फार उशिरा कळलं.

माझं असं झालं की आठवड्यातून दोनदा जायचो आणि त्यालाच नॉर्मल समजायला लागलो. जोर करून करून फिशर झालं, म्हणजे गुदद्वाराशी चीर पडली. त्यानंतर संडासला जायचीच भीती बसली. भीतीने रोखून धरायचो, रोखल्याने आणखी खडा, खड्याने आणखी चीर. आणि कुंथताना पोटावर दाब आला की कंबरेतून पायापर्यंत कळ जायची, म्हणजे ज्या दुखण्यासाठी गोळी घेत होतो तेच वाढायचं. पाच डॉक्टर झाले. मणक्याच्या डॉक्टरांनी पोटाचं विचारलं नाही, फिशरच्या डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं नाही. दोन्ही फायली माझ्याच पिशवीत होत्या. शेवटी औषधाच्या दुकानातल्या मुलीने दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या आणि म्हणाली, काका, हे यामुळे होतंय.

गुणकारी

त्या मुलीचं कौतुक. मी फार्मासिस्ट आहे, त्यामुळे औषधांबद्दल थोडं मी लिहितो. डोस मात्र मुद्दाम लिहीत नाही, तो तुमच्या डॉक्टरांनीच ठरवावा, कारण मूत्रपिंड, वय, बाकीची औषधं यांवर तो बदलतो.

आधी एक गोष्ट, जी ऐकली की सगळं चटकन पटतं. जुलाब थांबवायला आपण लोपेरामाइड घेतो. ते याच जातीचं औषध आहे. ते आतड्यातल्या त्याच म्यू ग्राहकांवर बसतं, फक्त नेहमीच्या डोसला मेंदूत पोचत नाही, म्हणून त्याने गुंगी येत नाही आणि वेदनाही थांबत नाही. बेल्जियममध्ये पॉल जॅन्सेन यांच्या प्रयोगशाळेत ते तयार झालं. फेंटानिल हे मॉर्फिनच्या जातीचं वेदनाशामकही त्याच प्रयोगशाळेतलं. मॉर्फिनच्या आधी शेकडो वर्षं अफू जुलाबावरचं औषध म्हणून दिली जातच होती. तेव्हा वेदनेसाठी मॉर्फिन घेणारा माणूस एका अर्थी रोज जुलाब थांबवायचं औषधही घेत असतो. आता तो त्यावर उतारा न घेता राहील कसा?

रेचकांच्या दोन जाती इथे कामाच्या. एक, आतड्याला चालना देणारी. सेन्ना म्हणजे आपली सोनामुखी, आणि बिसाकोडिल. रात्री झोपताना घेतली की साधारण सहा ते बारा तासांनी, म्हणजे सकाळी काम होतं. मंदावलेली लाट हीच उठवतात, म्हणून ती बहुतेकांना लागतातच. बिसाकोडिलची गोळी दुधाबरोबर किंवा ॲसिडिटीच्या औषधाबरोबर घेऊ नका आणि चावू नका. नाहीतर तिच्यावरचं आवरण आतड्याआधी पोटातच जातं आणि मुरडा येतो. सोनामुखीने लघवीचा रंग पिवळट-तांबूस होऊ शकतो, घाबरू नका.

दुसरी, पाणी धरून ठेवणारी. पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर आणि लॅक्टुलोज. यांचा परिणाम दिसायला एक ते तीन दिवस लागतात, त्यामुळे आज घेतलं आणि उद्या काही झालं नाही म्हणून सोडून देऊ नका. लॅक्टुलोजने काहींना गॅस फार होतो आणि पोट फुगतं. तसं होत असेल तर डॉक्टरांना सांगून पावडरवर या. दोन्ही जाती मिळून दिल्या जातात, हे बघून "दोन दोन जुलाबाची औषधं कशाला" असं म्हणून एक स्वतःच बंद करू नका. माझ्या काउंटरवर हे रोज होतं.

मळ नुसता मऊ करणाऱ्या डॉक्युसेटवर एकट्यावर विसंबू नका. मऊ झालेला मळही ढकलावा लागतोच.

आणि पूर्ण चिठ्ठी बघा. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, मळमळीसाठीचं ओन्डान्सेट्रॉन, नसांच्या दुखण्यासाठीचं अमिट्रिप्टिलिन, रक्तदाबाचं वेरापामिल, ही सगळी पोट बांधणारी आहेत. निशिगंध ताई, बाबांना मळमळीची कुठली गोळी दिली होती?

निशिगंध

ओन्डान्सेट्रॉनच. आणि लोहाची गोळीही चालू होती. म्हणजे तीन तीन औषधं एकाच दिशेने ओढत होती आणि उलट ओढणारं एकही नव्हतं.

ठामपणे

सगळ्यांचा मान राखून सांगतो, मुळावर घाव घाला. मॉर्फिन ही अफू आहे. आज पोट बिघडलं, उद्या व्यसन लागेल. वडिलांनी गोळ्या काढून ठेवल्या यात त्यांचं शहाणपण दिसतं. हळूहळू बंदच करा.

निशिगंध

ठामपणे, तुम्ही काळजीने लिहिलंय हे समजतं. पण मॉर्फिनच्या आधीचे दोन महिने मी पाहिलेत. कूस बदलायला त्यांना दोघांची मदत लागायची आणि तरी ओरडायचे. मी त्यांना तिकडे परत नेणार नाही.

शुश्रूषा

मीही ताईंच्या बाजूने. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी पायऱ्यांची पद्धत सांगितली, त्यात तीव्र वेदनेला मॉर्फिन आहे, आणि अशा रुग्णाचं ते हक्काचं औषध आहे. व्यसनाचा प्रश्न खरा आहे, पायवाट यांच्यासारख्या दीर्घ दुखण्यात तो डॉक्टरांनी दर भेटीत तपासायला हवा, आणि तिथे औषध कमी करता येतं का हेही बघायला हवं. पण रोज नियमित घेणाऱ्याने एकदम बंद केलं तर अंगदुखी, घाम, जुलाब, बेचैनी, झोप उडणं असा त्रास सुरू होतो आणि मूळ वेदना दुप्पट वाटते. बाबांनी एक दिवस गोळी लपवली, दुसऱ्या दिवशी घेतली, असं करत होते. त्या नऊ दिवसांत त्यांची वेदनाही हेलकावे खात असणार.

अबोली

मी कधी इथे लिहीत नाही, फक्त वाचते. पण हे लिहायलाच हवं.

माझ्या आत्यांना फेंटानिलचा पॅच, म्हणजे त्वचेवर चिकटवायची औषधाची पट्टी, होता. पंधराएक दिवस पोट नीट साफ नव्हतं आणि मग अचानक पातळ व्हायला लागलं. दिवसातून सहा-सात वेळा, थोडं थोडं, कपड्यात. आम्हाला हायसं वाटलं की चला, सुटलं एकदाचं. मग जुलाब जास्तच होतायत म्हणून रेचक बंद केलं आणि घरातली जुलाब थांबवायची गोळी दिली. वर गुणकारी यांनी ज्या लोपेरामाइडबद्दल लिहिलंय, तीच. दोन दिवसांनी आत्यांना भान राहिना, लघवी अडली. तपासल्यावर डॉक्टर म्हणाले, गुदाशयात दगडासारखा मळ अडकलाय आणि त्याच्या कडेने वरचं पाणी झिरपतंय. ते जुलाब नव्हतेच.

आम्ही बुच आणखी घट्ट बसवत होतो. आत्या आता नाहीत, त्या गेल्या त्या मूळ आजाराने. पण ते दोन दिवस त्यांना आम्ही दिले, ही खंत माझ्यापाशी आहे.

शुश्रूषा

अबोली, तुम्ही हे लिहिलंत याचा किती जणांना उपयोग होईल. भरलेल्या मळाच्या कडेने पातळ झिरपणं हे प्रशिक्षित माणसालाही फसवतं. मी विद्यार्थिनींना हे शिकवते: या औषधांवरच्या माणसाला बरेच दिवसांच्या बद्धकोष्ठानंतर अचानक पातळ व्हायला लागलं, तर गुदाशय तपासल्याशिवाय जुलाबाचं औषध द्यायचं नाही. वयस्क माणूस एकाएकी असंबद्ध बोलायला लागला, लघवी अडली, तरी पोट केव्हा साफ झालं होतं हे आधी विचारायचं.

आणखी काही लक्षणं अशी की घरी काहीही न देता थेट दवाखाना गाठायचा. पोट फुगलंय, कळा येतायत, उलट्या होतायत आणि वारासुद्धा सरत नाही, म्हणजे आतडं बंद झालं असू शकतं. अशा वेळी चालना देणारं रेचक घातक ठरतं. ताप, पोट लाकडासारखं कडक होणं, संडासातून रक्त, तेही तसंच. आणि निशिगंध ताई, तुमच्यासाठी खास. हाडांतला कर्करोग मणक्यात असेल आणि बद्धकोष्ठासोबत पायातली ताकद कमी वाटली, बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवीवरचा ताबा गेला किंवा ती अडली, तर ते औषधाचं समजून थांबू नका. मज्जारज्जूवर दाब येत असू शकतो. तिथे तासांचा हिशेब असतो.

एनिमाबद्दलही सांगते. केमो चालू आहे, पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट कमी आहेत, तर गुदद्वारातून एनिमा, सपोझिटरी (तिथे ठेवायची गोळी), बोट काहीही घालायचं नाही. संसर्ग आणि रक्तस्राव होऊ शकतो. मूत्रपिंड कमजोर असेल तर फॉस्फेटचा एनिमा टाळतात. घरात आणून ठेवलाय म्हणून देऊन टाकला, असं करू नका.

सावली

मी पेशंट आहे. सगळे घरच्यांच्या बाजूने लिहितायत म्हणून आमची बाजू.

आजारपणात एकेक गोष्ट हातातून जाते. केस, नोकरी, स्वतःची अंघोळ. सगळ्यात शेवटी उरते ती ही एक खाजगी जागा, दार लावून आत बसायची. तीही गेली की माणूस फार आकसतो. माझा मुलगा दारावर टकटक करून "आई, झाली का?" विचारायचा. तो प्रेमानेच विचारत होता. पण बाहेर कुणीतरी ताटकळत उभं आहे म्हटल्यावर मला काहीच व्हायचं नाही.

मग आमच्या सिस्टरनी एक चित्र दिलं. ब्रिस्टल चार्ट म्हणतात त्याला, मळाच्या सात प्रकारांचा. एक नंबर म्हणजे सुटे कडक खडे, सात म्हणजे नुसतं पाणी, तीन-चार चांगले. आता मी संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावलेल्या कॅलेंडरवर फक्त एक आकडा लिहिते. आज "२" लिहिला की मुलगा काही न बोलता रात्रीचं औषध डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वाढवून ठेवतो. दोन दिवस कोरे गेले की तो फोन करतो. बोलावं लागत नाही. निशिगंध, बाबांसाठी हे करून बघ. त्यांना उत्तर द्यायची लाज वाटते, आकडा लिहायची वाटणार नाही.

आणि कमोडवर बसताना पायाखाली बुटकं स्टूल. गुडघे कमरेपेक्षा वर आले की आतला कोन सरळ होतो, जोर कमी लागतो. सकाळी नाश्ता झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत बसायचं, खाल्ल्यावर आतडं आपणहून थोडं हलतं, ती वेळ साधायची. लागली नसली तरी बसायचं, कारण ती जाणीवच बोथट असते. दहा मिनिटं, झाली तर झाली. अर्धा तास कुंथत बसायचं नाही. बेडपॅनवर झोपून कुणालाही नीट होत नाही. उठवणं शक्य असेल तर पलंगाशेजारी खुर्चीचा कमोड ठेवा आणि खोलीबाहेर जा.

पायवाट

सावली ताई, कॅलेंडर मीही लावतो आहे. मला एक विचारायचंय. सोनामुखी, पावडर, सगळं नीट घेऊनही ज्यांना होत नाही त्यांचं काय? माझं टॅपेंटाडॉलवर बरंच सुधारलं, पण माझ्या एका मित्राचं काहीच हलत नाही.

गुणकारी

आधी डॉक्टर औषध बदलून बघतात. तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनपेक्षा फेंटानिलच्या किंवा ब्युप्रेनॉर्फिनच्या पॅचने बद्धकोष्ठ कमी होतं असा अनुभव आहे. अबोलींच्या आत्यांवरून दिसतंच की पॅच असला तरी रेचक सोडता येत नाही. ऑक्सिकोडोन (मॉर्फिनच्या जातीचं वेदनाशामक) आणि नॅलॉक्सोन (अशा औषधांचा परिणाम रोखणारं) एकत्र असलेली गोळीही आहे. त्यातलं नॅलॉक्सोन आतड्यात काम करतं आणि यकृतात जवळपास पूर्ण नष्ट होतं, म्हणून वेदनाशमन टिकतं. पण यकृतच खराब असेल तर हा हिशेब बिघडतो.

त्यापुढे खास औषधं आहेत जी मॉर्फिनला फक्त आतड्यातल्या ग्राहकांवरून हटवतात. मेंदूत ती जवळजवळ शिरत नाहीत, त्यामुळे वेदना परत येत नाही. मिथाइलनॅल्ट्रेक्सोन, नॅलोक्सेगॉल, नॅल्डेमेडिन. पहिल्याची हकिकत ताईंनी वाचावी अशी आहे. शिकागो विद्यापीठातले औषधशास्त्रज्ञ लिऑन गोल्डबर्ग यांचा एक मित्र कर्करोगाने शेवटच्या अवस्थेत होता आणि मॉर्फिनमुळे झालेल्या बद्धकोष्ठाने त्याचे हाल चालले होते. ते बघून गोल्डबर्ग यांनी १९७८ च्या सुमारास नॅल्ट्रेक्सोन या मॉर्फिनचा परिणाम रोखणाऱ्या औषधाला एक मिथाइल गट जोडला. त्यामुळे रेणूवर विद्युतभार आला आणि त्याची मेंदूकडची वाट बंद झाली. अमेरिकेत त्याला मान्यता मिळायला २००८ साल उजाडलं. मित्राच्या कामी ते आलं नाही. त्वचेखाली इंजेक्शन देतात आणि चाचण्यांमध्ये साधारण निम्म्या रुग्णांना चार तासांच्या आत झाली. त्यामुळे ते देताना संडास जवळ हवा. आतडं कुठे बंद किंवा कमजोर झालं असेल तर ही औषधं देत नाहीत, फाटण्याचा धोका असतो. नॅलोक्सेगॉलचं क्लॅरिथ्रोमायसिन (प्रतिजैविक), किटोकोनाझोल (बुरशीवरचं औषध) यांच्याशी जमत नाही.

हे पहिल्या दिवसाचं औषध नाही. अमेरिकन गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिकल असोसिएशन या पोटविकाराच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या २०१९ च्या सूचनाही आधी साधी रेचकं, त्यांनी नाही भागलं तर ही, असंच सांगतात. पायवाट, तुमच्या मित्राला एवढं सांगा की "सगळं घेतलं" म्हणजे रोज, पुरेशा डोसने, दोन्ही जातींचं घेतलं का, हे आधी तपासून घ्या. बहुतेक वेळा गाडी तिथेच अडलेली असते.

ठामपणे

अबोली यांचा आणि सावली यांचा प्रतिसाद वाचून मी माझं वरचं मत मागे घेतो. माझ्या थोरल्या भावाला आम्ही शेवटी मॉर्फिन नाकारलं होतं, व्यसनाच्या भीतीने. त्याबद्दल मी आजवर कुठे बोललो नव्हतो. निशिगंध, तुम्ही बाबांना दुखू देऊ नका.

निशिगंध

ठामपणे दादा, तुम्ही हे लिहिलंत, मला फार बरं वाटलं. तेव्हा तुम्हाला जे कळत होतं ते तुम्ही भावाच्या भल्यासाठीच केलं होतं.

काल डॉक्टरांकडे जाऊन आले. यावेळी कागदावर लिहून नेलं होतं: मॉर्फिन कधी सुरू झालं, संडास कोणकोणत्या दिवशी झाली, सगळ्या गोळ्यांची नावं, आणि लपवलेल्या पाच गोळ्या. ते शेवटचं सांगताना बाबांकडे बघवत नव्हतं, पण डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि सरळ बाबांनाच विचारलं, "कुंथावं लागतं का? झाल्यावर मोकळं वाटतं, की अजून आत राहिल्यासारखं?" बाबा पाच मिनिटं बोलत होते. नऊ दिवसांत मला जे सांगितलं नाही ते सगळं.

पाय आणि लघवीही तपासली, तिथे काळजीचं काही नाही. लोह सध्या थांबवलंय. मळमळीची गोळी बदलली. रात्री सोनामुखी आणि सकाळी पावडर सुरू केलीय, आणि मॉर्फिनचा डोस वाढेल तेव्हा याचाही बघायचा असं चिठ्ठीवर लिहून दिलंय. मी विचारलं की हे पहिल्या दिवशी का नव्हतं. म्हणाले, द्यायला हवं होतं, राहून गेलं. स्पष्ट बोलले, एवढं पुरे मला.

सावली ताई, कॅलेंडर दाराच्या आत लावलंय आणि पेन्सिल दोऱ्याने बांधलीय. पहिले दोन दिवस कोरे गेले. मी विचारलं नाही, दाराजवळ फिरकलेही नाही. आज सकाळी नाश्त्यानंतर बाबा दहा मिनिटांत बाहेर आले आणि खिडकीत जाऊन बसले. मी आत जाऊन बघितलं. आजच्या तारखेत "३" होता, आणि त्याच्या शेजारी त्यांच्या थरथरत्या अक्षरात, "थोडी भूक लागली आहे."